मामाजींचा चेहरा आणि निंबाची सावली

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

“माझं सासर दिग्रस तालुक्यातल्या एका खेड्यात आहे. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही रेखाकला परीक्षा दिल्या होत्या, इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली होती. लग्नानंतर हात थांबला. आता धाकटी अंगणवाडीत जाते, म्हणून सकाळी थोडा वेळ निघतो. मोबाईलवर परदेशी चित्रकारांचे व्हिडिओ पाहून मी ऑइल कलर मागवले. मला आमच्या मामाजींचं, म्हणजे सासऱ्यांचं, चित्र काढायचं आहे, तेही आंगणात, इम्प्रेशनिस्ट लोक (बाहेर बसून उजेड टिपणारे फ्रेंच चित्रकार) काढायचे तसं. ते रोज सकाळी निंबाखाली बाज टाकून बसतात. धोतर, सदरा, खांद्यावर दुपट्टा. पानांतून अंगावर पडणारं ऊन मला फार आवडतं. तीन वेळा प्रयत्न केला. पहिल्यांदा फ्लेश टिंटची, म्हणजे तयार कातडी-रंगाची, ट्यूब वापरली, तर सासूबाई म्हणाल्या, ‘बुढ्याले पावडर फासली काय वं?’ दुसऱ्यांदा व्हिडिओत सांगितलं तसा सावलीला जांभळा लावला, तर चेहऱ्यावर मार लागल्यासारखं दिसायला लागलं. तिसऱ्यांदा सगळा चिखल झाला. सावळ्या कातडीचा रंग नेमका कसा करायचा? फोटोवरून काढलं तर चालेल का? आणि इथे खेड्यात, शिकवणारं कोणी नसताना, हे येईल का?”

ताई,

तुम्ही पाठवलेला तिसऱ्या चित्राचा फोटो मोठा करून पाहिला. रेखाटन चांगलं आहे. कान, नाक, हनुवटी जागच्या जागी आहेत आणि मानेचा बाकही बरोबर आला आहे. बिघाड झाला तो रंगात, आणि कसा झाला तेही कळतं. गालावर उन्हाचा कवडसा काढलात, तो फार झगझगीत वाटला म्हणून कडेने ब्रश फिरवून मऊ केलात. त्यात सावली फिकी पडली, म्हणून पुन्हा गडद लावलात. मग कवडसा मळला, म्हणून वरून पांढरा. ओल्या तेलरंगात उन्हाचा रंग आणि सावलीचा रंग असे दोनतीनदा एकमेकांत घोटले गेले की दोघेही मरतात. चिखल म्हणता तो हाच, आणि तो थांबवणं तुमच्या हातात आहे. त्यावर पुढे येतेच.

आधी कातडीच्या रंगाचं. तुम्ही विचारता की सावळ्या कातडीचा रंग कसा करायचा. घराबाहेर चित्र काढताना असा एक रंग कधीच हाती लागत नाही, कारण मामाजींच्या अंगावर एकाच वेळी तीन प्रकारचा उजेड पडत असतो. एक थेट सूर्याचा, तो पिवळसर, उबदार. दुसरा उघड्या आभाळाचा, निळसर. सावलीतल्या प्रत्येक भागावर तो वरून उतरत असतो, म्हणून तर सावली पूर्ण काळी नसते. तिसरा खालून उलटून येणारा. सारवलेल्या आंगणावर, धोतरावर ऊन पडतं आणि तिथून हनुवटीखाली, नाकाच्या खालच्या बाजूला, भुवयांच्या छपराखाली जातं. तुमचे मामाजी आंगणात बसले असतील तर त्यांच्या हनुवटीखाली एक उबदार, पिवळट उजेड दिसेल. तेच वावरात, नुकत्याच वखरलेल्या काळ्या मातीवर उभे असतील तर हनुवटीखाली जवळजवळ अंधार असेल, कारण आपली काळी माती उजेड परत देत नाही, पिऊन टाकते. माणूस तोच, कातडी तीच, पण रंग दोन ठिकाणी दोन. हे एकदा डोळ्यांना पटलं की फ्लेश टिंटची ट्यूब आपोआप मागे पडेल.

पटवून घ्यायला उद्या सकाळी एक काम करा. वहीच्या पुठ्ठ्याला वाटाण्याएवढं भोक पाडा. हात लांब करून, एक डोळा मिटून त्या भोकातून मामाजींच्या उन्हातल्या हाताचा तुकडा पहा, मनगटाच्या वरचा, ऊन थेट पडतंय तो. मग पुठ्ठा सरकवून सावलीत असलेल्या त्यांच्या धोतराची घडी पहा. सावळा हात आणि पांढरंशुभ्र धोतर. बहुतेक वेळा असं दिसेल की उन्हातला सावळा हात सावलीतल्या पांढऱ्या धोतरापेक्षा उजळ आहे. पुठ्ठा काढला की डोकं पुन्हा सांगू लागेल, धोतर पांढरं, हात काळा. पुन्हा पुठ्ठा धरा. असं चारपाच दिवस करा, चहा गाळताना, अंगणवाडीत जाता येता, विहिरीवर. तुमच्या तिसऱ्या चित्रात धोतर सगळीकडे ट्यूबमधल्या पांढऱ्याने रंगवलं आहे आणि चेहरा सगळीकडे तपकिरी. म्हणून त्यात ऊन नाही. रेखाटन कितीही नेमकं असलं तरी ऊन येणार नाही.

इम्प्रेशनिस्ट मंडळींनी पॅरिसमध्ये 1874 साली पहिलं प्रदर्शन भरवलं, आणि दोन वर्षांनी, 1876 च्या दुसऱ्या प्रदर्शनात, त्यांच्यातल्या रेन्वार या चित्रकाराने एका तरुणीचं उघड्या बागेतलं चित्र लावलं. तिच्या उघड्या खांद्यांवर, छातीवर झाडाच्या पानांतून ऊन सांडलेलं, आणि सावलीत हिरवट, जांभळट छटा. अल्बेर वोल्फ नावाच्या समीक्षकाने ‘ल फिगारो’मध्ये लिहिलं की हे हिरवेजांभळे डाग म्हणजे सडत चाललेलं मांस दिसतं. आज ते चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. तुमच्या सासूबाईंनी जे विचारलं त्याने खट्टू होऊ नका, म्हणून हे सांगते. आणखी एका कारणासाठी सांगते. ते चित्र मोबाईलवर मोठं करून पहा आणि त्यातले सावलीचे डाग किती गडद आहेत हे तपासा. फार गडद नाहीत. जांभळा आहे, पण इतर सावलीच्याच तोडीचा, तिच्यात बसणारा. तुमच्या दुसऱ्या चित्रात जांभळा वेगळा उठून दिसतो, कारण तुम्ही तो ट्यूबमधून तसाच घेतला आणि आजूबाजूच्या सावलीपेक्षा कितीतरी गडद लावला. सावलीचा रंग हिरवट की जांभळट हा प्रश्न नंतरचा. आधी तो किती गडद, किती फिका हे जुळलं पाहिजे.

शेव्हरल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1839 मध्ये रंगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. तो गोबलँ इथल्या गालिचे आणि पडदे विणण्याच्या कारखान्यात रंगाईचा विभाग पाहायचा. शेजारशेजारचे दोन रंग एकमेकांना बदलतात, हे त्याने नीट मांडलं. याचा तुम्हाला थेट उपयोग आहे. उन्हातल्या गालाचा नारिंगी-तपकिरी लावला आणि त्याला लागून साधा मळकट राखाडी ठेवला, तर तो राखाडी आपोआप निळसर-जांभळा दिसू लागतो. म्हणजे जांभळा ट्यूबमधून आणायचीही गरज नाही. फाल्गुनात पळस फुलला की एक राखाडी कागद त्या फुलांच्या शेजारी धरून पहा, तो निळा भासेल.

आता मिश्रणाचं, कारण ते तुम्हाला हवंच आहे. सावळ्या कातडीचा उन्हातला भाग: यलो ऑकरमध्ये (मातकट पिवळा) थोडा व्हर्मिलियन (शेंदरी लाल), आणि उजळ करायला पांढऱ्यासोबत किंचित कॅडमियम यलो. नुसता पांढरा वाढवत गेलात तर कातडी खडूसारखी थंड आणि फटक दिसते. मामाजींना जी पावडर लागली ती तिथूनच आली. सावलीतला भाग: अ‍ॅलिझरिन क्रिमसन (गडद किरमिजी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा), त्यात ऑकर किंवा बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी), पांढरा नाहीच किंवा अगदी टोकावर. काळी ट्यूब पेटीतून काढून ठेवा. काळ्याने गडद केलेली सावळी कातडी निर्जीव होते. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकत्र केले की हवा तेवढा गडद रंग मिळतो आणि तो उबदार किंवा थंड कुठेही वळवता येतो. कपाळावर, नाकाच्या दांड्यावर जी चमक असते ती कातडीच्या रंगाची नसतेच. उन्हात ती सूर्याची, जवळजवळ पांढरी. सावलीत आभाळाची, निळसर राखाडी. सावळ्या चेहऱ्यावर ती गोऱ्यापेक्षा जास्त स्पष्ट उठते. व्हिडिओतले लोक गुलाबी चेहरे रंगवतात, त्यांना तिचं महत्त्व एवढं वाटत नाही, आपल्याला आहे. ती सगळ्यात शेवटी, एकेका फटकाऱ्यात. मामाजींची दाढीची पांढरी खुंटं सावलीत पांढरी नाहीत, निळसर राखाडी आहेत, हेही पुठ्ठ्यातून पाहून घ्या. सावळी माणसं तेलरंगात किती नाना तऱ्हांनी उजळतात हे पाहायचं असेल तर अमृता शेरगिलची चित्रं पहा. ती इम्प्रेशनिस्ट नव्हती, तिचं शिक्षण पॅरिसचं असलं तरी वाट वेगळी होती. पण तपकिरी कातडीत तिने केवढे रंग शोधले ते डोळ्यांखालून जायला हवं. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात तिची बरीच चित्रं आहेत आणि ती मोबाईलवरही पाहायला मिळतात.

यानंतर एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही कदाचित. मामाजींचं ते पानांतल्या उन्हाचं चित्र सध्या बाजूला ठेवा. कवडशांचं ऊन ही या विद्येतली सगळ्यात अवघड पायरी आहे आणि तुम्ही पहिलं पाऊल तिथेच टाकलंत.

अमेरिकेत चार्ल्स हॉथॉर्न नावाच्या चित्रकाराने 1899 मध्ये प्रॉव्हिन्सटाउन या समुद्रकाठच्या गावी उघड्यावर चित्रकला शिकवायची शाळा काढली. तो मॉडेलला किनाऱ्यावर असं बसवायचा की ऊन मागून येईल आणि चेहरा सावलीत जाईल. विद्यार्थ्यांच्या हातात ब्रशऐवजी लांबी (पुट्टी) भरायची पट्टी द्यायचा. त्या पट्टीने डोळा, पापणी, ओठ काही काढताच येत नाही. फक्त टोपी, चेहरा, खांदा आणि मागचं पाणी, असे मोठेमोठे रंगाचे तुकडे शेजारी ठेवता येतात. त्या चित्रांना तिथे ‘मडहेड्स’ म्हणत, मातीची डोकी. पुढे त्याचा शिष्य हेन्री हेन्शे उन्हात ठेवलेले रंगीत ठोकळे रंगवायला लावून शिकवायचा. दोघांचा रोख एकच: तपशील हातात येऊ द्यायचा नाही, म्हणजे डोळा रंगाकडे वळतो.

तुम्हाला हे आंगणात करता येईल. सुरुवात माणसाने नको. एक वीट, एक पितळी गडवा आणि एक पांढरं फडकं उन्हात मांडा. प्रत्येकाचे दोन तुकडे करा, उन्हातला आणि सावलीतला, आणि जमिनीवर पडलेली त्यांची सावली हा तिसरा. बस. विटेचे कोपरे झिजलेत, गडव्याला पोचा आहे, हे काही काढायचं नाही. तीच मांडणी सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, वेगवेगळ्या बोर्डांवर. विटेचा उन्हातला लाल संध्याकाळी कुठे गेला हे पाहिल्यावर तुम्हाला जे कळेल ते मी इथे कितीही लिहून कळणार नाही. मग घरामागचा कुटाराचा ढीग घ्या. मोने या इम्प्रेशनिस्ट चित्रकाराने 1890 आणि 1891 मध्ये जिव्हर्नीला आपल्या घराजवळच्या शेतातल्या धान्याच्या गंज्या पुन्हा पुन्हा रंगवल्या, सुमारे 25 चित्रं. उजेड बदलला की तो हातातला कॅनव्हास बाजूला ठेवून दुसरा घ्यायचा. गंजी त्याने का निवडली असेल? माझ्या मते एवढ्यासाठी, की तिला नाकडोळे नसतात, ती हलत नाही, आणि उजेड सोडून तिच्यात पाहायला दुसरं फारसं काही नसतं.

यानंतर माणूस. आणि तोही आधी मागून उजेड असलेला. मामाजींची बाज निंबाच्या सावलीत पूर्ण आत ओढा, चेहरा सगळा सावलीत राहू द्या आणि मागे उन्हातली भिंत किंवा वावर येऊ द्या. मोनेचं 1875 चं छत्रीवालीचं चित्र पाहिलं असेल, त्याची बायको कामिल आणि मुलगा टेकडीवर उभे आहेत. तिथेही ऊन मागून आहे. चेहरा सावलीत, आणि तो इतक्या थोडक्यात उरकला आहे की नाक कुठे संपतं हे सांगता येत नाही. तरीही ते कोणाचं तरी चित्र आहे, एका ठरावीक बाईचं. धुऱ्यावरून कोणी चालत येताना आपण लांबूनच ओळखतो, हे अमक्याचे बाबा. तेव्हा आपल्याला त्यांचं नाक दिसलेलं नसतं. खांदा कुठल्या बाजूला झुकतो, मान कशी पुढे येते, दुपट्टा कसा टाकलाय, यावरूनच आपण ओळखतो. साम्य तिथे आहे. ते आकार आणि उजेड-सावलीच्या तुकड्यांत पकडलं तर डोळे काढण्याआधीच घरातला लहानगा म्हणेल, हे आबा आहेत. नाही म्हणाला तर पापण्या काढून काही उपयोग होत नाही.

बसण्याची वेळ ठरलेली असू द्या. सूर्य तासाला 15 अंश सरकतो. तुम्ही दोन तास बसलात तर गालावरची सावली कानापाशी गेलेली असते आणि तुम्ही दोन वेगळ्या सकाळी एकाच चेहऱ्यावर रंगवत असता. म्हणून पाऊण तास. मग थांबायचं, चित्र आणखी मागत असलं तरी थांबायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुढे. सार्जंट या चित्रकाराने 1885 आणि 1886 मध्ये इंग्लंडमधल्या ब्रॉडवे या गावी बागेत कागदी कंदील पेटवणाऱ्या दोन मुलींचं मोठं चित्र असंच केलं. त्याला हवा तो संधिप्रकाश रोज काही मिनिटंच टिकायचा, तेवढाच वेळ तो ब्रश हातात घ्यायचा. चित्र दोन वर्षांच्या हंगामांत पूर्ण झालं. तुमच्याकडे रोजचे तितकेच मोजके क्षण आहेत, घरची कामं आटोपून मिळतात ते. या पद्धतीला ते पुरतात.

हिवाळ्यातलं ऊन तुमच्या कामाला सर्वात चांगलं. सूर्य खाली असतो, उजेड तिरपा येतो आणि चेहऱ्याचे ऊन-सावली असे स्वच्छ दोन भाग पडतात. माघ संपेपर्यंत जमेल तेवढं करून घ्या, कारण पुढे निंबाची पानगळ सुरू होते आणि तुमची आवडती सावलीच विरळ होते. नवी पालवी येते तेव्हा उन्हाळा लागलेला असतो. वैशाखात 45 अंशांच्या आसपास पारा असताना म्हाताऱ्या माणसाला आंगणात बसवू नका, तुम्हीही बसू नका.

मामाजींना हलू नका म्हणायचं नाही. म्हाताऱ्या माणसाला गप्प बसवलं की चेहरा पडतो आणि तोच पडलेला चेहरा चित्रात येतो. त्यांच्या हाताला काम द्या. दोर वळतील, अडकित्त्याने सुपारी कातरतील, शेंगा सोलतील. हाताच्या कामाला एक लय असते, त्यामुळे मान पुन्हा पुन्हा त्याच जागी येते. ती आली की पहायचं, गेली की मनात धरलेलं लावायचं. बाजेचे पाय जिथे टेकले तिथे खडूने खूण करून ठेवा.

ब्रशची गोष्ट. उन्हाच्या रंगांना एक ब्रश, सावलीच्या रंगांना दुसरा, आणि दोन्ही एकमेकांच्या रंगात बुडवायचे नाहीत. हा एक नियम पाळलात तरी निम्मा चिखल संपेल. पॅलेटवरही उन्हाचे रंग एका बाजूला, सावलीचे दुसऱ्या. आधी सावलीचे सगळे तुकडे लावून घ्या, पातळ. मग उन्हाचे, दाट. फटकारा ठेवला की हात उचला. चुकला असेल तर पुसू नका, पट्टीने तेवढा रंग खरवडून काढा आणि त्या जागी नवा ठेवा. उन्हाची आणि सावलीची कड मऊ हवी असेल तर दोघांच्या मधला तिसरा रंग पॅलेटवर तयार करून मध्ये ठेवा. कातडीवर ही मधली कड बहुतेकदा दोन्ही रंगांपेक्षा जास्त लालसर असते, ते नीट पहा.

आणि कवडसे काढायची वेळ येईल तेव्हा एवढं लक्षात असू द्या. पानांमधल्या फटी कशाही वेड्यावाकड्या असोत, जमिनीवरचे डाग गोल किंवा लांबट गोल पडतात, कारण तो प्रत्येक डाग म्हणजे सूर्याची प्रतिमा असते. चेहऱ्यावर ते गालाच्या गोलाईप्रमाणे वाकतात. आधी सगळा चेहरा सावलीतला रंगवून घ्यायचा, वाळू द्यायचा, आणि दुसऱ्या बैठकीत कवडसे वरून ठेवायचे, मोजके. दिसतात तेवढे सगळे ठेवू नका, चेहरा फुटतो.

फोटोवरून काढू नका, निदान रंगासाठी तरी नको. मोबाईलचा कॅमेरा एकतर सावली काळी करतो नाहीतर उन्हातला भाग पांढरा जाळतो. नवे फोन तर दोन्हींना स्वतःच्या मनाने सारखं करून टाकतात. तुम्हाला ज्यासाठी बाहेर बसायचं आहे तेच त्यात राहत नाही. कानाची घडण किंवा दुपट्ट्याची गाठ आठवायला फोटो जवळ असला तर हरकत नाही.

सामानाला फार पैसे घालू नका. टायटॅनियम व्हाइटची मोठी ट्यूब, बाकी यलो ऑकर, कॅडमियम यलो, व्हर्मिलियन, अ‍ॅलिझरिन क्रिमसन, अल्ट्रामरीन, विरिडियन (निळसर हिरवा) आणि बर्न्ट सिएना लहान. नावापुढे ‘ह्यू’ लिहिलेले, म्हणजे महाग रंगाची नक्कल असलेले, स्वस्त रंग सरावाला चालतात. 1841 मध्ये जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने दाबून रंग काढायची पत्र्याची ट्यूब शोधली. त्याआधी तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत भरून ठेवायचे. ट्यूब आली म्हणून ही सगळी मंडळी शेतात जाऊन बसू शकली आणि तुम्हीही साध्या पिशवीत रंग टाकून वावरात जाऊ शकता. कॅनव्हास परवडत नसेल तर सुताराकडून हार्डबोर्डचे 8 बाय 10 इंचांचे तुकडे कापून घ्या आणि गेसोचे (रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन हात द्या. कोऱ्या कागदावर थेट तेलरंग लावू नका, तेल कागद खातं. पांढऱ्या बोर्डावर उन्हाचा झगमगाट डोळ्यांना फसवतो, म्हणून आधी बर्न्ट सिएना आणि ऑकरचा पातळ हात मारून तो वाळू द्या. बोर्ड आणि पॅलेट दोन्ही एकाच सावलीत पाहिजेत. बोर्डावर ऊन पडत असेल तर तुम्ही नकळत सगळं गडद करता आणि घरात आणल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं. छत्री धरायची तर साधी काळी. रंगीत छत्रीतून रंगीत उजेड उतरतो. तुम्ही फोटोत नेसलेली ती लाल साडीही त्या वेळी नको, तिची लाली ओल्या रंगावर पडते.

जवसाच्या तेलाबद्दलही तुम्ही पत्रात विचारलं आहे, घाण्यावरचं घरचं तेल रंगात घालू का. लिनसीड ऑइल म्हणजे जवसाचंच तेल, आपल्या भागात पिकणारं. पण घाण्याच्या कच्च्या तेलात चिकट गाळ असतो, ते जास्त पिवळं पडतं आणि उशिरा वाळतं. ते चटणीवर घ्या. रंगासाठी शुद्ध केलेलं, बाटलीतलं आणा. या सरावात तर तेल घालूच नका, रंग ट्यूबमधून येतो तसाच वापरा. टर्पेंटाइन फक्त पहिल्या पातळ हाताला.

याच तेलावरून एक गोष्ट, आणि ही कृपा करून घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, आणि त्यात उष्णता निर्माण होते. ब्रश पुसलेली तेलकट फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती उष्णता आत कोंडते, आणि काडी न लावता फडकी पेट घेऊ शकतात. तुमच्याकडे भाव येईपर्यंत कापूस घरातच भरून ठेवतात, खोलीभर, छतापर्यंत. त्या घरात असा एक बोळा विसरला तर काय होईल हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून काम संपलं की प्रत्येक फडकं घराबाहेर, भिंतीपासून लांब तारेवर एकेरी पसरायचं आणि पूर्ण कडक वाळल्याशिवाय आत आणायचं नाही. तेवढा वेळ नसेल तर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी भरून त्यात बुडवून ठेवायचं. टर्पेंटाइनची बाटली चुलीच्या आणि गॅसच्या खोलीत ठेवायची नाही. रंगाचे हात साबणाने धुतल्याशिवाय मुलीला भरवायचं नाही, काही रंगांत कॅडमियमसारखे धातू असतात. ट्यूबा तिच्या हाती लागणार नाहीत अशा उंचीवर.

शिकवणारं कोणी नाही, हा तुमचा शेवटचा प्रश्न. नागपूरला शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे, तिथल्या विद्यार्थ्यांची प्रदर्शनं भरतात तेव्हा जाऊन या आणि बोर्ड सोबत न्या. तेलरंगात काम करणाऱ्या कोणीतरी समोर बसून ब्रश कसा धरला हे एकदा पाहिलं तर पुष्कळ अडचणी सुटतात. पण उघड्यावरचा उजेड कुठल्याही वर्गात शिकवता येत नाही, त्यासाठी सगळ्यांना आंगणातच यावं लागतं आणि ते आंगण तुमच्याकडे आहे. कोल्हापूरचे आबालाल रहमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून गावी परतले आणि रंकाळ्याच्या, कोटितीर्थाच्या काठी बसून तिथला उजेड रंगवत राहिले. तुमचा गावही त्या लायकीचा आहे.

सासूबाईंनाही एकदा बसवा, ऊन मागे ठेवून. त्यांना पुठ्ठ्याच्या भोकातून धोतर आणि हात दाखवा. ज्याला एकदा ते दिसलं तो तुमच्या चित्रातल्या रंगांना नावं ठेवायच्या आधी थोडा थांबेल.

वीट-गडव्याचे बोर्ड आधी पाठवा, सकाळचा आणि संध्याकाळचा शेजारी ठेवून. फोटो उन्हात नको, फ्लॅशवर नको. ओसरीत, दाराच्या उजेडात, बोर्ड उभा धरून काढा आणि कडेला एक कोरा पांढरा कागद दिसू द्या, म्हणजे रंग खरे किती आले हे मला इथून जुळवून पाहता येईल. मामाजींची मातीची डोकी जमतील तशी त्यामागोमाग. डोळे काढायचा मोह झालाच तर त्या बोर्डाचाही फोटो पाठवा, कुठे थांबायला हवं होतं ते दाखवते.